फुंकर

माझ्या मुलाला, सिरिलला, मी शब्द दिला होता की रविवारी गावाच्या हॉलमध्ये मी तोंड उघडणार नाही. दिला तो जेवणाच्या टेबलावर. त्याच वेळी त्याच्या बापाच्या अंगावर वाइन सांडली होती, आणि ती पुसता पुसता माझं भांडायचं बळ संपलं होतं, म्हणून दिला. एरवी मी असले शब्द देत नाही.

फर्नाँला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सूप तळाशी आलं की वाडग्यात लाल वाइन ओतायची आणि वाडगाच तोंडाला लावायचा, अशी सवय. आमच्याकडची सगळी जुनी माणसं तसंच करतात. आता त्याचे हात इतके कापतात की वाडगा ओठांपर्यंत पोचतो तोवर निम्मी वाइन शर्टावर गेलेली असते. चमच्याने भरवते म्हटलं की चिडतो. पार्किन्सन आहे. फवारणीतून आलेला आजार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सरकारनेही मान्य केलं. मान्य केल्यावर सगळ्यांना वाटलं, चला, प्रकरण मिटलं. त्याचा हात काही थांबला नाही.

आमची हेझलनटची बाग आहे, लोत नदीच्या काठाला. फर्नाँने लावली, आता सिरिल करतो. या झाडाला एक सोंडकिडा लागतो. हिरव्या फळाला भोक पाडून आत अंडं घालतो, आणि पानगळीच्या सुरुवातीला तुम्ही टोपल्या भरून घरी नेता त्या नुसत्या पोकळ कवचांच्या. त्यावर एक औषध आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण नावं बदलत राहतात, बाटलीवरचा रंग बदलतो, आत काय आहे ते आम्हाला शेवटी कळतं. या औषधावर बंदी घालायची की नाही, यावर पुढच्या आठवड्यात पॅरिसला मतदान होणार होतं. त्याआधी आमच्या भागाचे खासदार वेर्न्याक ‘शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकायला’ येणार होते. ऐकायला येणारा माणूस बहुतेक वेळा ठरवून आलेला असतो, हे मला या वयात कोणी शिकवायला नको.

कार्यक्रम असा ठरला होता: आधी हॉलमागच्या मैदानावर फवारणीचं प्रात्यक्षिक, मग आत चर्चा, मग नेहमीप्रमाणे सगळ्यांना एकेक ग्लास वाइन. प्रात्यक्षिकासाठी बागायतदार संघाने सिरिलला निवडलं होतं. तरुण आहे, दिसायला बरा आहे, आणि पार्किन्सन झालेल्या माणसाचा मुलगाच जर औषध चांगलं म्हणाला, तर पुढे बोलायचं कोणी? ही अक्कल संघाचा अध्यक्ष रेझिस याची. रेझिस आमचा शेजारी. त्याची बाग आमच्या बागेला लागून आहे आणि आवाज गावाच्या वेशीपर्यंत जातो.

“आई, बाबांच्या वेळची गोष्ट वेगळी,” सिरिल त्या जेवणाच्या वेळी म्हणाला होता. “ते शर्टाच्या बाह्या सरसावून फवारायचे. आम्ही सूट घालतो, मास्क लावतो, हातमोजे घालतो. आणि औषधही ते नाही. हे नवीन आहे.”

“त्यांचंही नवीनच होतं.”

“झालं, सुरू झालीस.”

“नवीन होतं, आणि निर्धोक होतं. आमचं लग्न झालं तेव्हाचं निर्धोक होतं, त्यावर बंदी आली. मग आलं ते त्याहून निर्धोक, त्यावरही आली. बंदी येईपर्यंत प्रत्येक औषध निर्धोकच असतं रे.”

“तू मास्कचं ऐकलंस की नाही?”

“खरंच लावतोस?”

“लावतो.” त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. “शपथ.”

मी विश्वास ठेवला. फवारणीच्या वेळी मी बागेत नसते, फर्नाँला एकटं टाकून जाता येत नाही. आणि पोटच्या पोराने डोळ्यात बघून सांगितलं की आई विश्वास ठेवते, ठेवायचा नसला तरी ठेवते.

रविवारी फर्नाँला घेऊन गेले. त्यालाच यायचं होतं, पोराचं प्रात्यक्षिक बघायचं होतं. मी त्याला स्वच्छ शर्ट घातला, दाढी करून दिली, आणि हाताला धरून चालवत नेलं. हॉलच्या फाटकापाशी बोर्दो शहरातून आलेली बंदीवाली मंडळी फलक घेऊन उभी होती. एकाने मधमाशीचे पंख लावले होते. एका बाईने फर्नाँकडे पाहून डोळे ओले केले आणि माझ्या हातात एक पत्रक दिलं.

“आम्ही तुमच्यासाठीच लढतोय,” ती म्हणाली.

“सकाळी ब्रेडला काय लावून खाल्लंत?” मी विचारलं.

तिला कळेना. मला चांगलं कळत होतं. डबाभर चॉकलेट-हेझलनटचं लोणी खायचं, त्यातले हेझलनट परदेशातून येतात, तिथे हेच औषध बिनदिक्कत मारतात, आणि त्यावर कोणी फलक धरत नाही. आमच्या हातून विष नको, दुसऱ्याच्या हातून चालतं. तरी या बाईचं म्हणणं खरं होतं आणि रेझिसचं खोटं होतं, याचाच मला जास्त राग येत होता. खरं बोलणारी माणसं इतकी परकी का असावीत?

मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. मी फर्नाँला पहिल्या रांगेत बसवलं. खासदार कोरे करकरीत रबरी बूट घालून आले होते. सहकारी संस्थेची तंत्रज्ञ मुलगी माईक घेऊन उभी राहिली, आणि सिरिल पांढरा सूट घालून, मास्क, चष्मा, हातमोजे, सगळा जामानिमा करून ट्रॅक्टरवर चढला. मागे फवारणीचा ब्लोअर जोडलेला. टाकीत अर्थातच नुसतं पाणी.

“बघा,” ती मुलगी सांगत होती, “त्वचेचा एक इंचही उघडा नाही. नियम पाळले तर शेतकऱ्याचा औषधाशी संपर्कच येत नाही.”

“संपर्कच येत नाही,” रेझिसने मागून री ओढली आणि खासदारांनी मान डोलावली. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला.

सिरिलने यंत्र सुरू केलं. पंखा घोंघावला, पाण्याचं धुकं उठलं, पोरंटोरं ओरडली. पण डाव्या बाजूला मध्येच एक पट्टा कोरडा राहत होता. नोझल तुंबलं होतं. तुंबणारच. ती एवढीएवढीशी तोंडं, आणि गेल्या फवारणीचा थर त्यात वाळून बसलेला. सिरिलने यंत्र थांबवलं आणि खाली उतरला.

मग त्याने मास्क हनुवटीखाली ओढला. उजव्या हाताचा मोजा दातांनी धरून काढला. नोझल फिरवून सोडवलं, ओठांत धरलं आणि जोरात फुंकर मारली. एक डोळा मिटून ते उजेडात धरून पाहिलं, ओठांत धरून पुन्हा फुंकलं, बाजूला थुंकला आणि नोझल परत बसवलं. हे सगळं मला सांगायला वेळ लागला, त्याला करायला लागला नाही. त्यात त्याने काही विचारही केला नाही. आपण नाक पुसतो तसं केलं.

मग मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, हुबेहूब फर्नाँ!” आणि सगळे खो खो हसले.

हसणारच. आमच्या गावात ब्लोअर सामाईक होता, आणि तो सांभाळायचा फर्नाँ. ज्याला बाग सुरू करायची, तो पहिला हंगाम फर्नाँच्या शेजारी ट्रॅक्टरवर बसून काढायचा. एक डोळा मिटून नोझल उजेडात धरायची त्याची ती लकब सगळ्यांना पाठ. इथे कोणाला नक्कल करून हसवायचं असलं की फर्नाँची हीच नक्कल करतात. रेझिस तर पोटावर हात ठेवून हसत होता.

“नुसतं पाणी आहे, मादाम, घाबरू नका,” खासदार माझ्याकडे पाहून म्हणाले. माझा चेहरा काहीतरीच झाला असणार. “उलट यावरून दिसतं, आपल्या शेतकऱ्यांचा त्यांच्या साधनांवर किती विश्वास आहे!”

मी जीभ चावली. शब्द दिला होता. शेजारी पाहिलं तर फर्नाँही हसत होता. आजाराने त्याचा चेहरा दगडासारखा झालाय, तो हसला की फक्त मला कळतं. किती महिन्यांनी हसला होता. पोरगा आपल्यासारखं काम करतो, हे बघून बाप सुखावला होता, आणि मला वाटत होतं की उठून त्या सगळ्यांच्या खुर्च्या उलट्या कराव्यात.

सगळे आत जायला लागले. मी फर्नाँला गावातल्या एका बाईकडे सोपवलं आणि हॉलच्या मागच्या नळावर गेले. सिरिल तिथे चूळ भरत होता. बराच वेळ भरत होता.

“पाणीच होतं, आई,” तो मला बघून म्हणाला.

“आणि गेल्या गुरुवारी? चर्चमधलं पवित्र पाणी होतं टाकीत?”

त्याने नळ बंद केला.

“शपथ घेतलीस माझ्यासमोर.”

“मग काय सांगू तुला?” तो उसळला. “हातमोजा घालून ते नोझल धरता येत नाही. बोटाच्या पेराएवढं असतं. ब्रशने साफ करा म्हणतात. ब्रशने निघत नाही. दुसरं बसवा म्हणतात, दुसरंही तुंबतं. वारा पडलेला असतो तेवढ्यात बाग उरकायची, नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात उडतं. चष्म्यावर वाफ धरते, समोरचं झाड दिसत नाही. कोणीच लावत नाही, आई. या गावात मास्क लावणारा एक दाखव मला.”

“मला कशाला सांगतोस? आत जाऊन सांग.”

“सांगितलं की बंदी येणार. मग तो सोंडकिडा आहे आणि मी आहे. काय करू, झाडं उपटू?”

“उपट.”

“बाबांनी लावलीत ती.”

“कोणी लावली ते मला ठाऊक आहे. खड्डे मी खणलेत.”

तो नळ बंद करायला वाकला. नळ आधीच बंद होता.

“तुला बंदी नको, नको असू दे,” मी म्हटलं. “पण तुझा फोटो दाखवून ते पॅरिसला सांगणार की सगळं नियमाने चालतं. आणि उद्या तुझा हात कापायला लागला, तर हेच म्हणतील की नियम पाळले नसतील याने, चूक याचीच. आज तुझा सूट त्यांच्या कामाचा, उद्या तुझी फुंकर. तुझ्या बापाला भरवायला मी आहे. तुला भरवायला मी नसेन, सिरिल.”

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि आत गेला. तो काय करणार याचा मला खरोखर अंदाज नव्हता. मला त्याचा जीव हवा होता, त्याला बाग हवी होती, आणि दोन्ही एकदम मिळेल असं काही त्या हॉलमध्ये कोणी वाढून ठेवलं नव्हतं.

मी आत पहिल्या रांगेत फर्नाँशेजारी जाऊन बसले. खासदारांचं भाषण झालं. त्यात ‘आपली माती’ होती, ‘आपली परंपरा’ होती, ‘शेजारी देशांशी स्पर्धा’ होती. फर्नाँ होता कुठेच नाही, म्हणजे पहिल्या रांगेत होता, पण भाषणात नव्हता. शेवटी ते म्हणाले, “आता प्रत्यक्ष काम करणाऱ्या तरुणाकडूनच ऐकूया. नियम पाळून हे औषध सुरक्षित आहे की नाही, तेच सांगतील.” आणि टाळ्यांत त्यांनी सिरिलच्या हातात माईक दिला.

सिरिलने पांढरा सूट अजून काढला नव्हता.

“मला हे औषध पाहिजे,” तो म्हणाला. “माझी बाग त्यावर उभी आहे. दुसरं काही आज तरी नाही.”

रेझिसने टाळी वाजवली.

“पण तुम्ही मघाशी मैदानावर जे पाहिलंत, तेच मी रोज करतो. टाकीत पाणी असलं तरी, औषध असलं तरी. आम्ही सगळे करतो. हा सूट मला आज सकाळी संस्थेने दिला, याच्या घड्यासुद्धा मोडल्या नाहीत. बंदी घाला, नका घालू, ते तुम्ही ठरवा. पण आम्ही नियम पाळतो म्हणून औषध सुरक्षित आहे, असं माझं नाव घेऊन सांगू नका. नियम कोणी पाळत नाही. पाळता येतच नाहीत.”

मधमाशीचे पंख लावलेल्या माणसाने मागून टाळ्या वाजवल्या. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. माझ्या पोराने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि याला नाटकाचा पडदा पडल्यासारखं वाटत होतं.

रेझिस उठला होता. कपाळाची शीर तटतटलेली.

“आम्ही म्हणजे कोण रे? आम्ही म्हणजे कोण? तू तुझ्यापुरतं बोल! मी जन्मात नोझलला तोंड लावलं नाही!”

“मीही नाही,” मागून एक आवाज.

“आम्ही नाही बाबा असलं काही करत.”

“संस्थेचे ब्रश आहेत की आमच्याकडे.”

घटकेपूर्वी हुबेहूब फर्नाँ म्हणून पोट धरून हसलेली हीच माणसं. एकेकाने कानावर हात ठेवले. ज्यांच्या घरी मी बाळंतपणाला धावले, ज्यांच्याबरोबर हेझलनट वेचायला वाकले, ती माणसं माझ्या पोराकडे अशी बघत होती, जणू तो दारू पिऊन आलाय. तंत्रज्ञ मुलगी जमिनीकडे बघत होती. खासदारांचा चेहरा मात्र खुलला होता.

“म्हणजे हा एका व्यक्तीचा निष्काळजीपणा झाला,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “दुर्दैवी आहे, पण त्यावरून सगळ्या शेतकऱ्यांना दोष देता येणार नाही.”

“तेच म्हणतोय मी!” रेझिसला जोर चढला. “आम्ही शिकलेली माणसं आहोत. असला गलिच्छपणा तुला शिकवला तरी कोणी?”

सिरिल माईक धरून उभा होता. त्याने उत्तर दिलं नाही. देणार नाही, हे मला माहीत होतं. उत्तर पहिल्या रांगेत बसलं होतं, आणि त्या उत्तराकडे सिरिल मुद्दाम बघत नव्हता.

शेजारी खुर्ची करकरली. फर्नाँने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले होते. मी त्याच्या कोपराखाली हात घातला, त्याने झटकला. एकदा उठायला गेला, मागे बसला. पुन्हा उठला. या वेळी उभा राहिला, हलत हलत, पण उभा. आजाराने त्याचा आवाज पार खोल गेलाय, त्यामुळे तो ऐकायचा तर सगळ्यांना गप्प व्हावं लागतं. हॉल एकेक करत गप्प झाला.

“मी,” फर्नाँ म्हणाला.

त्याने श्वास घेतला.

“मी शिकवलं. त्याला.”

खासदार काही बोलायला गेले. फर्नाँने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याचं सगळं अंग रेझिसकडे वळत होतं, पाय आधी, मग खांदे, मग मान. इतका वेळ लागला की रेझिसला वाटलं असतं तर दाराबाहेर जाता आलं असतं. तो गेला नाही.

“तुलाही, रेझिस,” फर्नाँ म्हणाला. “पहिल्या दिवशी तू ओकलास. ट्रॅक्टरवरच. मी म्हटलं... होईल सवय.”

त्या कापऱ्या हाताचं बोट तो रेझिसवर धरायला जात होता आणि ते स्थिर राहत नव्हतं. ते त्याच्यावरून शेजारच्यावर जात होतं, तिथून मागच्या रांगेवर, तिथून परत. ज्याच्यावर जात होतं तो खाली बघत होता.

रेझिसने बोलायला तोंड उघडलं. मग पालथ्या हाताने ओठ पुसले, आणि खाली बसला.